साहेबासाठी धुतलेली विहीर

आमच्या घरात तेव्हा सकाळी बाजरीची भाकरी आणि रात्री हुलग्याचं माडगं एवढंच शिजायचं. माडग्यात गुळाचा खडा पडला की आम्हा भावंडांना सण वाटायचा. हे मी लपवत नाही आणि वाढवूनही सांगत नाही. रांजणगावच्या अलीकडं, ओढ्याच्या कडेला आमची वस्ती होती. तिला खालचा मळा म्हणायचे, पण जमीन अशी मुरमाड की नांगराचा फाळ दगडाला लागून दिवसभर खणखण वाजायचा. कॅनॉलचं पाणी मिळायचं तेही कधीतरी, पाळीनं. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. उन्हाळ्यात तो तडतडायचा आणि पावसात त्याच्या आवाजानं शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या पायात वहाण मी फक्त लग्नकार्यात पाहिली. आईची लुगडी दोन. एक वाळत असलं की दुसरं अंगावर. घरात सही करणारी मी पहिली आणि भावकीत पदवी घेणारीही मीच पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी झाकून ठेवला नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात त्या अभिमानाचाही दोष आहे, म्हणून इथंच सांगून ठेवते.

एवढ्या सगळ्या नसण्यात आमच्याकडं एक गोष्ट होती, ती म्हणजे विहीर. दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या असलेली, भावकीतल्या चार घरांच्या सामाईक वाट्याची. दोन दिवस आमची पाळी, मग पुढच्या घराची. पाळीवरून भांडणं व्हायची, बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या, पण वर्षातून एकदा, पाणी तळाला गेलं की चारही घरं एकत्र उतरून गाळ काढायची. पुरुष टोपल्या भरायचे, बायका काथ्यानं आणि राखेनं पायऱ्या घासायच्या, कठड्याला चुना लागायचा, नारळ फुटायचा. आई यवतची. तिच्या माहेरी बारमाही पाणी आणि उसाचे फड, तरी ती म्हणायची, "आमच्या यवतला पानी मायंदाळ, पन ह्या हिरीच्या पान्यात डाळ शिजती तशी कुठं शिजत न्हाई." त्या विहिरीवर चार घरांची इभ्रत होती. पोरगी बघायला पाहुणे आले की गूळपाणी झाल्यावर त्यांना आधी विहिरीवर न्यायचे. पाहुणे कठड्यावरून वाकून आत बघायचे, मान हलवायचे, मग घरी येऊन पोरगी बघायचे. आणि पाहुणे येणार असले की चार दिवस आधी विहीर धुवून काढायची, ही आमच्याकडची रीतच होती. आज हे लिहिताना वाटतं, ही रीत मला माहीत होती. लहानपणापासून माहीत होती. तरी मला ती ऐन वेळी आठवली नाही.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला कारखाना आला. तिथं काय बनतं हे आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. मोठी भिंत, भिंतीवर काचा, दारावर इंग्रजी पाटी आणि तीन देशांचे झेंडे. चुलत भाऊ पोपटदादा तिथं लागला तेव्हा कळलं की गाड्यांचे चकचकीत भाग बनतात आणि सगळा माल जहाजानं बाहेर जातो. पोपटदादानं पहिल्या महिन्याला भावकीत पेढे वाटले. निळा ड्रेस घालून तो कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहायचा तेव्हा आमच्या वस्तीतली सगळ्यात देखणी गोष्ट तोच होता. त्यानं घरामागं चार खोल्या काढल्या आणि बिहारकडच्या कामगारांना भाड्यानं दिल्या. मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात होते, तिथंच एका नातेवाइकांकडं राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी यायचे. प्रत्येक शनिवारी ओढ्याचा वास थोडा वेगळा यायचा.

आधी चहा फाटायला लागला. आईनं पहिल्यांदा दुधाला दोष दिला. मग म्हशीला. मग पातेल्याला, ते राखेनं घासून घासून तिनं त्याचं बूड पातळ केलं. मग माझ्या हाताला, म्हणाली, "तुझं ध्यान पुस्तकात, चहात न्हाई." पाण्यावर संशय घ्यायला आम्हाला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा दाणा वेगळा राहायला लागला होता, आणि हंड्याच्या आतून हिरवट पापुद्रा निघत होता.

पाण्याचं नाव पहिल्यांदा घेतलं ते हुसेनचाचांनी. ते तळेगाव ढमढेऱ्याचे. त्यांच्या घरात पाण्याच्या मोटारी बांधायचं काम बापापासून चालत आलेलं, आणि आमच्या अख्ख्या पट्ट्यातले पंप त्यांच्याच हाताखालून जायचे. आमचा पंप त्या वर्षी तिसऱ्यांदा बंद पडला होता. चाचांनी तो खोलून आतला पंखा काढला आणि आबांच्या हातात ठेवला. उंदरानं भाकरी कुरतडावी तशा त्याच्या कडा झाल्या होत्या.

"आबा, ह्ये पानी लोखंड खातंय," चाचा म्हणाले.

"मंग पितळंचा टाका, चाचा."

"पितळ बी खाईल. सोन्याचा टाकू काय?" आणि मग हसणं थांबवून, आवाज खाली घेऊन ते म्हणाले, "आबा, लोखंडाचं ह्ये करतंय, तर लेकराबाळांच्या आतड्याचं काय करीत आसंल?"

पंखा धोतराला पुसून आबांनी कोनाड्यात, देवाशेजारी ठेवला. त्याच आठवड्यात पोपटदादाच्या खोलीतला एक बिहारी कामगार, दोन लेकरांचा बाप, आईला हंडा भरताना बघून थांबला आणि म्हणाला, "माई, ये पानी मत पीजिए. हम लोग नहीं पीते." आईला हिंदी येत नव्हती, पण तिला कळलं.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजात पुण्याहून एक बाई व्याख्यानाला आल्या. जाडीभरडी साडी, घोगरा आवाज. त्या सांगत होत्या की माल एका देशात बनतो, नफा दुसऱ्या देशात जातो आणि घाण जिथली तिथं राहते, आणि याला जागतिकीकरण म्हणतात. मला वाटलं, या बाई आमच्या ओढ्याबद्दल बोलतायत. मी वहीची अकरा पानं भरली आणि त्या शनिवारी घरी गेले ती व्याख्यात्री होऊनच. रविवारी सकाळी चारही घरांना विहिरीवर गोळा केलं आणि कठड्यावर उभी राहून सगळं सांगितलं. माणसं शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर आबांनी विचारलं, "नंदे, सगळं पटलं. पन त्ये जागतिकीकरण ऱ्हातं कुठं?"

"ते एका जागी नसतं आबा. सगळीकडं असतं. दिसत नाही."

"मंग मुंजा म्हन की सरळ."

सगळे हसले. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मुंजाला निदान एक पिंपळ तरी आसतो."

मला राग आला होता तेव्हा. आता इतकी वर्षं यवतच्या शाळेत पोरांना शिकवून, निवृत्तीच्या तोंडावर आल्यावर वाटतं, माझ्या अकरा पानांपेक्षा आईचं ते एक वाक्य जास्त खरं होतं. कारण आम्ही हंडे घेऊन कारखान्याच्या दारात गेलो तेव्हा तेच झालं. आसपासच्या वस्त्यांवरच्या धरून चाळीसेक बायका उन्हात बसल्या, मी लिहून दिलेल्या घोषणा त्यांनी आपल्या चालीत, ओव्या म्हणाव्यात तशा म्हटल्या. दुपारी मॅनेजर बाहेर आले. पुण्याचेच, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला बाटलीतलं थंडगार पाणी पाजलं. म्हणाले, "ताई, मी पण नोकरच आहे. इथं काही ठरत नाही, वर ठरतं." आबांनी विचारलं, "आन् मालक?" मॅनेजर म्हणाले, "मालक असा एक नाही. परदेशात लोकांकडं थोडा थोडा वाटा आहे." आबा म्हणाले, "वाटेकरी आमच्या हिरीला बी हायेत. पन गाळ काढायला समदे येत्यात." मॅनेजर हसले आणि आत गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. आतून बसेस बाहेर पडल्या, एका बसच्या खिडकीत पोपटदादा होता. त्यानं तोंड फिरवलं नाही, पण ओळखही दाखवली नाही.

मग मी सरकारी कचेऱ्यांना अर्ज लिहायला घेतले. माझं अक्षर चांगलं होतं आणि भाषा त्याहून चांगली. एका अर्जाला उत्तर आलं: साहेब विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला येणार. ते पत्र मी कॉलेजात सगळ्यांना दाखवलं. माझी परीक्षा चालू होती, म्हणून घरी पोस्टकार्ड टाकलं की बुधवारी साहेब आपली विहीर बघायला येतील, मी सकाळच्या गाडीनं येते, सगळे हजर राहा. नमुना म्हणजे काय, तो कसा घेतात, पाणी जसं आहे तसंच का ठेवायचं, यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही. मला वाटलं, एवढं कुणालाही कळेल.

बुधवारी एसटीतून उतरून वस्तीकडं चालत आले तर लांबूनच कठडा पांढराशुभ्र दिसला. चुना ओला होता. विहिरीभोवती सडा-रांगोळी. चारही घरची माणसं धुतलेल्या कपड्यांत उभी. आबांच्या पायात वहाणा होत्या. मी पळत जाऊन कठड्यावरून वाकले. विहीर जवळजवळ काठापर्यंत भरलेली, आणि पाणी असं की वरच्या पाच-सहा पायऱ्या मोजता याव्यात. त्यात आभाळ दिसत होतं.

"आबा, हे काय केलं?"

आबांचा चेहरा मला आजही तसाच दिसतो. लहान पोरानं पाटीवर पहिलं अक्षर काढून दाखवावं तसा. "दोन दिस मोटार लावून आख्खी उपसली. पायऱ्या घासल्या. आन् ह्या आठवड्यात कॅनॉलला आपली पाळी हुती, त्ये समदं पानी हिरीत सोडलं. चारी घरांनी सोडलं. मेथीच्या एका वाफ्याला बी न्हाई दिलं." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "माझी लेक साहेबाला बोलावती आन् मी त्याला गटार दाखवू व्हय?"

तेवढ्यात जीप आली.

साहेब तरुण होते, सज्जन होते. त्यांच्यावर माझा आजही राग नाही. त्यांनी बूट काढून पायरीवर पाय ठेवला, बाटल्या बुडवून भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. बाटली उन्हात धरून बघितली, वास घेतला. आबांना विचारलं, "बाबा, नेहमी असंच असतं का पाणी?"

आबा ताठ उभे राहिले. "व्हय साहेब. आमची हीर अशीच. चार पिढ्यांची हाय."

साहेबांनी माझ्याकडं वळून फाइल उघडली. "मॅडम, अर्ज तुम्हीच केलाय ना? तुम्ही लिहिलंय, पाण्याला हिरवट रंग येतो, उग्र वास येतो. मग हे?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं होतं. चारही घरं माझ्याकडं बघत होती. रात्रपाळी करून आलेला पोपटदादा बाभळीखाली उभा होता, तोही बघत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की हे कॅनॉलचं पाणी आहे. पण ते म्हटलं असतं तर आबा सगळ्या भावकीसमोर, साहेबासमोर खोटे पडले असते. ज्या माणसानं डोळ्यांदेखत मेथी सुकू देऊन पाणी विहिरीत सोडलं, त्याला मी त्याच विहिरीवर खोटं पाडायचं? आणि खरं सांगायचं तर, मला माझीही लाज वाटली. एवढी शिकलेली मी, आणि माझ्या बापाला साधा नमुना समजावून सांगता आला नाही, हे त्या साहेबाला कळू नये असं वाटलं. मी म्हणाले, "आज बरं दिसतंय."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. आईनं चहा आणला, त्याच विहिरीच्या पाण्याचा. साहेब म्हणाले, "चहा फक्कड झालाय." आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ, आज फाटला न्हाई."

निकाल आला: पाणी पिण्यास योग्य. कारखान्यानं त्याची प्रत काचेच्या चौकटीत घालून दारावर लावली. त्या दिवशी पोपटदादा आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि आबांच्या देखत म्हणाला, "नंदे, आमच्या मॅनेजरला जे जमलं न्हाई त्ये तुझ्या अर्जानं केलं की गं. सर्टिफिकेट मिळवून दिलं कंपनीला." आई त्याच्यावर धावून गेली. आबा मात्र जागचे हलले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी मला सगळं विचारलं: बाटल्या कुठं नेतात, त्यात काय बघतात, कॅनॉलचं पाणी आत होतं त्यानं काय झालं. मी सांगितलं. ते नुसते हं हं करत राहिले. सगळं कळल्यावर म्हणाले, "तू तवाच का बोलली न्हाईस?"

"तुम्ही खोटे पडला असता, आबा."

"पाडायचं हुतं," आबा म्हणाले. एवढंच. परत त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरचा माझा प्रत्येक अर्ज त्याच निकालाची प्रत जोडून परत आला. कॅनॉलचं पाणी महिन्याभरात जिरलं आणि विहिरीत पुन्हा खालून हिरवं झिरपायला लागलं. त्या पाण्यावर आबांनी दोन हंगाम भाजी काढली. तळेगावच्या बाजारात बायका मेथीची जुडी हातात घ्यायच्या, नाकाशी न्यायच्या, विचारायच्या, "कंपनीकडची का?" आणि खाली ठेवायच्या. आबा जुड्या तशाच घेऊन परत यायचे आणि म्हशीपुढं टाकायचे. मग म्हैसही खाईना. मग त्यांनी भाजी करायचंच सोडलं आणि सत्तरीच्या घरात त्याच कारखान्याशेजारच्या एका गोदामावर राखणदार म्हणून बसले. चार घरांतली दोन घरं वाघोलीकडं निघून गेली. पाळीवरून भांडायला कुणी उरलं नाही. ती भांडणंही बंद झाली याचं दुःख होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि एक दिवस कारखानाही गेला. कुणाच्या आंदोलनानं नाही. दुसऱ्या कुठल्यातरी देशात माल स्वस्तात बनायला लागला, म्हणून यंत्रं खोलून कंटेनरमध्ये भरून नेली. झेंडे उतरले. पोपटदादा कंत्राटावर होता, त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. खोल्या रिकाम्या झाल्या. तो पुढं दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. एकदा दिवाळीत मी घरी गेले होते तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि एकदम म्हणाला, "पाऊस लागला की सोडायचो आमी, ओढ्याला. म्हंजी पान्यात पानी. कुनाला कळू नये. व्हॉल्व्ह मी फिरवलाय, नंदे. ह्या हातानं." तो निदान सांगत तरी होता.

अर्ज मी लिहीतच राहिले. नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, आई गेल्यावरही. आता माझ्या यवतच्या घरी दर दिवसाआड पाण्याचा जार येतो. टेम्पोवाला तो दारात ठेवतो, रिकामा घेऊन जातो. त्यावरचं नाव कुठल्या देशातल्या कंपनीचं आहे हे मी मुद्दाम वाचत नाही. त्या जारच्या पाण्यात डाळ चांगली शिजते. आईला सांगायला हवं होतं.

शेवटी एका उन्हाळ्यात दुसरे साहेब आले. या वेळी मी आठवडाभर आधीच जाऊन राहिले. कुणी कठड्याला हात लावला नाही, रांगोळी काढली नाही, चहाही केला नाही. त्यांनी तळातलं हिरवं पाणी बाटलीत भरलं, आणि महिन्याभरानं कागद आला. ग्रामपंचायतीनं पाटी रंगवायचं काम पोपटदादाला दिलं. त्यानं कठड्यावरचा जुना चुना खरवडला आणि तांबड्या रंगात, सुरेख अक्षरात लिहिलं. आबा तेव्हा काठी टेकत चालायचे. हाताला धरून मी त्यांना विहिरीवर नेलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

आबांनी ओल्या रंगापासून हात थोडा लांब ठेवून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "म्हंजी आता पावन्यांना दाखवायची न्हाई," ते म्हणाले, आणि घराकडं वळले.

एवढ्या वर्षांत आम्ही मिळवलं ते इतकंच: आमच्या विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य आहे, हे सरकारच्या तोंडून वदवून घेतलं आणि कठड्यावर लिहून घेतलं.